आठ जण, तीन बाटल्या: नागपुरात घरगुती वाइन टेस्टिंग क्लब कसा सुरू करावा

वाइन चाखायला शिकायचं तर दोन पेले शेजारी शेजारी ठेवावे लागतात. एकच बाटली उघडून बसलात तर “छान आहे” किंवा “जरा आंबट आहे” यापलीकडे बोलायला काही सुचत नाही. तिच्याशेजारी दुसरी आली की जीभ आपोआप तुलना करायला लागते. ही जास्त आंबट आहे, त्या पेल्यात फुलांचा वास आहे, या घोटाने हिरड्या कोरड्या पडल्या. पण एकाच घरात एका संध्याकाळी तीन बाटल्या उघडणं खिशालाही झेपत नाही आणि तब्येतीलाही. आठ जणांनी मिळून उघडल्या तर दोन्ही अडचणी सुटतात. मित्रमंडळींचा क्लब काढायचं खरं कारण हे आहे.

पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे: एका बैठकीत एकच फरक. द्राक्षाची जात वेगळी ठेवायची तर किंमत, प्रदेश, तापमान शक्य तितकं सारखं ठेवा. तापमान वेगळं ठेवायचं तर बाटली तीच घ्या. सहा तऱ्हेच्या बाटल्या एकदम मांडल्या तर संध्याकाळ मजेत जाईल, पण दुसऱ्या दिवशी कोणती वाइन कशी होती हे कुणालाही सांगता येणार नाही.

माणसं, घर आणि वर्गणी

सहा ते आठ जण पुरे. ७५० मिलीच्या बाटलीतून ६० मिलीचे बारा पेले निघतात. आठ जणांत ४८० मिली चाखण्यात जाते आणि २७० मिली उरते. कुणाला पहिला पेला पुन्हा तपासून बघायचा असतो, कुणाला तीच वाइन जेवणासोबत कशी लागते ते बघायचं असतं, त्यासाठी ती लागतेच. तीन बाटल्यांचे मिळून दर माणशी १८० मिली होतात, म्हणजे हॉटेलात मिळणाऱ्या एका भरल्या ग्लासापेक्षा थोडी जास्त. तेवढ्यात शिकणं नीट होतं. चौथी बाटली आली की शेवटच्या पेल्याचं कुणी मनापासून ऐकत नाही, म्हणून निदान पहिले सहा महिने तीनवर थांबा.

वाइनमधला जाणकार गटात असलाच पाहिजे असं नाही. वेळेवर येणारी आणि न समजलेलं मोकळेपणाने सांगणारी माणसं हवीत. एखादा जाणकार असेल तर त्याला एक विनंती आधीच करून ठेवा: त्याने सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. पहिल्या माणसाने “यात व्हॅनिला आहे” म्हटलं की पुढच्या सातही जणांना व्हॅनिलाच येतो. यावर सोपा उपाय म्हणजे पेला हातात आल्यावर दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, आधी आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग तोंड उघडायचं.

आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची रीत आहे. ती जेवणाच्या पानापुरती ठेवा. पेल्यातली वाइन अर्धी ठेवणारा, नुसता वास घेऊन बाजूला ठेवणारा, आज औषध चालू आहे म्हणून न पिणारा, या सगळ्यांना क्लबात सारखाच मान असावा आणि कारण कुणी विचारू नये. गरोदर स्त्रीने किंवा डॉक्टरांनी मद्य वर्ज्य सांगितलेल्याने चाखूच नये. त्यांना यायचं असेल तर वास ओळखण्याच्या खेळात ते पूर्ण भाग घेऊ शकतात, आणि बऱ्याचदा त्यांचंच नाक सगळ्यांत तल्लख निघतं.

घर आळीपाळीने ठरवा, पण ज्या घरी वडीलधारी किंवा लहान मुलं असतील तिथे त्यांना आधी विचारा. कुणाला अवघड वाटत असेल तर त्या घराची पाळी वगळा, त्या सदस्याकडे खाण्याची जबाबदारी द्या. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी सात ते साडेनऊ, हे वेळापत्रक चालतं. दर आठवड्याला भेटायचं ठरवलेले गट लवकर थकतात.

वर्गणीचा हिशोब साधा ठेवा. समजा तीन बाटल्या सरासरी १,००० रुपयांच्या घेतल्या आणि खाण्याला ६०० लागले, तर ३,६०० भागिले आठ, म्हणजे दर डोई ४५०. बाटली आणण्याचं काम प्रत्येक वेळी एकाच माणसाकडे असावं. प्रत्येकाने आपल्या आवडीची बाटली आणायची असं ठरलं की एकच फरक ठेवायचा नियम पहिल्याच दिवशी मोडतो.

कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात वाइन आणि बीअरसाठी किमान वय २१ आहे, इतर कडक मद्यासाठी २५. मद्य विकत घ्यायला आणि बाळगायला परवाना लागतो. एका दिवसाचा दुकानातच मिळतो, वार्षिक किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून काढता येतो. नियमित क्लब चालवणार असाल तर प्रत्येकाने आजीवन परवाना काढून टाकावा. ठरलेल्या मित्रांनी खर्च वाटून घेणं वेगळं आणि अनोळखी लोकांकडून प्रवेश शुल्क घेऊन वाइन देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला विक्री समजतात आणि त्याला रीतसर लायसन्स लागतं. क्लबची जाहिरात करून तिकीट लावायचा मोह टाळा.

गाडीचं मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. १८० मिली वाइननंतर कोण मर्यादेच्या आत राहील हे वजन, जेवण, शरीर यांवर ठरतं, म्हणून अंदाज करूच नका. मनीष नगरहून गोकुळपेठेत यायचं असेल तर कॅबने या. ग्रुपवर बैठकीची तारीख टाकतानाच “येणं-जाणं कसं?” हे प्रत्येकाकडून लिहून घ्या.

दुकानात काय बघायचं

आपल्या वाइन शॉपमध्ये खपते व्हिस्की आणि बीअर. वाइन एका कोपऱ्यात असते आणि हळू हलते. म्हणून लेबलवर द्राक्षाच्या हंगामाचं साल आधी बघा. देशी व्हाइट आणि रोझे (फिकट गुलाबी वाइन) ताज्या असतानाच चांगल्या लागतात, दोन वर्षांपेक्षा जुन्या घेऊ नका. साध्या रेडला तीन-चार वर्षं चालतात. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली बाटली कितीही चांगल्या नावाची असली तरी सोडा, आतल्या कपाटातली मागा. कॉर्क बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित उचलला गेला असेल किंवा गळ्याशी चिकट ओघळ असेल तर ती वाइन कधीतरी तापलेली आहे.

सुरुवातीला देशी वाइनच घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. आयात बाटलीवर कर इतका असतो की किमतीचा मोठा भाग पेल्यात उतरतच नाही. नाशिकची सुला ही वायनरी, म्हणजे वाइन बनवणारी कंपनी, १९९९ साली सुरू झाली, आज तिथेच यॉर्क, सोमा, व्हॅलोने आहेत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली आहे, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सला ग्रोव्हर, हंपीकडे कृष्मा. दिंडोरीत शांदोन स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन बनवते. वर्षभराचा अभ्यास एवढ्यात सहज होतो. स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका. ताजी प्यायच्या वाइनला ते झाकण उत्तम, आणि आपल्या हवेत कॉर्कपेक्षा निर्धास्त.

लेबलवर “ऑरेंज वाइन” दिसली तर ती संत्र्याची असेल असं नागपूरकराला वाटणारच. ती द्राक्षाचीच असते. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवला की रंग केशरी होतो आणि थोडा तुरटपणाही येतो.

ऊन, फ्रीज आणि कूलर

वाइनवरच्या सगळ्या पुस्तकांत रेड “खोलीच्या तापमानाला” द्यावी असं लिहिलेलं असतं. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद घरात संध्याकाळीसुद्धा ३५ असतात. त्या तापमानाला कोणतीही रेड नाकात नुसती स्पिरिटसारखी झोंबते, कारण उष्णतेने अल्कोहोलची वाफ जास्त उठते आणि फळाचे वास तिच्याखाली दबतात. नागपुरात रेड वाइन आवडत नाही म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी ती थंड करून कधी प्यायलेलीच नसते. त्यांच्यासाठी तरी हा भाग नीट वाचा.

पेल्यात उतरताना स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, व्हाइट ८ ते १२, रोझे १० ते १२, हलकी रेड १३ ते १५ आणि जड रेड १६ ते १८ असावी. घरगुती फ्रीजचं आतलं तापमान साधारण ४ अंश. म्हणून व्हाइट तीन तास फ्रीजमध्ये ठेवा आणि ओतायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार राहिली तर वास मुका होतो. रेडसाठी हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटं फ्रीज पुरे, एप्रिल-मेमध्ये दीड-दोन तास लागतात. ओतल्यावर पेला भराभर तापतो, म्हणून उन्हाळ्यात सगळंच दोन अंश जास्त गार ओता. घाई असेल तर बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर मीठ टाका. बाटली गळ्यापर्यंत त्यात बुडाली की वीस-पंचवीस मिनिटांत व्हाइट तयार होते. नुसत्या बर्फात उभी केलेली बाटली फार हळू गार होते, पाणी हवंच. बाजारात मिळणारा साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर एकदा घेऊन ठेवा, वर्गणीतून घेतलेली ती सगळ्यात उपयोगी वस्तू ठरेल.

कूलरचं काय? वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरचा वास सुंदर असतो, पण टेस्टिंगच्या खोलीत तो चालत नाही. दोन तास बसलात तर प्रत्येक वाइनमध्ये वाळाच येईल. एसी असलेलं घर उन्हाळ्याच्या बैठकांसाठी राखून ठेवा, नाहीतर एप्रिल ते जून क्लबला सुट्टी द्या. अभ्यासाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नागपूरची थंडी रेडसाठी फार चांगली असते.

बाटल्या साठवायच्या तर घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत, कपाटाच्या तळच्या खणात, अंधारात ठेवा. फ्रीजच्या डोक्यावर कधीच नको, तिथे उष्णता आणि थरथर दोन्ही असतात. मार्चनंतर घेतलेली बाटली सरळ फ्रीजमध्ये टाका. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यातली एक दुपार काढलेली वाइन शिजते, तिच्यातलं ताजं फळ निघून जातं आणि मागे उकडलेल्या मनुक्यासारखा वास उरतो.

टेबल मांडताना

प्रत्येकी तीन पेले लागतात, एकूण चोवीस. इतवारीतल्या घाऊक भांड्यांच्या दुकानांत साधे, पातळ काचेचे, तोंडाशी किंचित निमुळते होणारे दांडीचे पेले बघा. आकार सारखा असणं नक्षीपेक्षा महत्त्वाचं, कारण वेगळ्या पेल्यात तीच वाइन वेगळी वाटते. स्टीलचे आणि रंगीत काचेचे नकोत. साबणाचा वास राहू नये म्हणून गरम पाण्याने दोनदा विसळा आणि ओतण्याआधी प्रत्येक पेला रिकामाच हुंगून बघा. कपाटात पालथे ठेवलेल्या पेल्यात लाकडाचा किंवा डांबरगोळीचा वास हमखास धरतो.

खाली पांढरा कागद घाला, त्याशिवाय रंग दिसत नाही. साधं पाणी, बिनमसाल्याचा पाव किंवा कोरडी ज्वारीची भाकरी मध्ये ठेवा. थुंकण्यासाठी प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक कागदी कप द्या. चारचौघांत एका भांड्यात थुंकायला आपल्याला संकोच वाटतो, स्वतःचा कप असला की तो जातो. व्यवसायाने चाखणारे सगळे थुंकतात, त्यात वाइनचा अपमान नाही.

त्या संध्याकाळी अत्तर, परफ्यूम, उदबत्ती, गजरा यांना सुट्टी. आणि खर्रा खाऊन कुणी येऊ नये, हे ग्रुपवर ठळक लिहा. सुपारी, चुना आणि तंबाखूने जिभेवर जे बसतं ते दोन तास उतरत नाही, तेवढ्या वेळात वाइनमधला तुरटपणा ओळखणं अशक्य होतं. पान, पेपरमिंट आणि नुकतीच घेतलेली कॉफीही तशीच.

पहिली बैठक: आधी पाणी, मग एकच रेड

पहिल्या दिवशी तीन बाटल्या आणू नका. चार जग पाणी घ्या. पहिल्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात अर्ध्या लिटरला अर्ध्या लिंबाचा रस. तिसऱ्यात अर्ध्या लिटरला तीन चमचे साखर. चौथ्यात दहा मिनिटं उकळत ठेवून गार केलेला कोरा, बिनसाखरेचा चहा. प्रत्येकाने क्रमाने एकेक घोट घ्यायचा आणि तोंडात नेमकं कुठे काय होतं ते लिहायचं. लिंबाने गालांच्या आत लाळ सुटते. वाइनचा आंबटपणा तिथेच मोजायचा. कोऱ्या चहाने हिरड्या आणि गाल कोरडे पडतात, जीभ खरखरीत होते. रेड वाइनमध्ये हेच टॅनिन करतात, ते द्राक्षाच्या साली, बिया आणि देठांतून येतात. तुरट आणि कडू यांची गल्लत इथेच मिटते.

आता लिंबाच्या पाण्यात साखर घाला आणि पुन्हा चाखा. आंबटपणा कमी झाल्यासारखा वाटेल, पण लिंबू तितकंच आहे. अनेक देशी शेनिन ब्लांमध्ये (ही पांढऱ्या द्राक्षाची जात) थोडी साखर राखलेली असते, त्यामागचं गणित हे. हा दहा मिनिटांचा प्रयोग सगळ्या वर्षभर कामाला येतो, तो कधीही गाळू नका.

मग एक साधी देशी शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड) उघडा. तिचे तीन भाग करून एक फ्रीजमध्ये गार, एक १७ अंशांना आणि एक खोलीत तशीच ठेवलेली. तिन्ही पेले शेजारी ठेवून चाखा. गार पेल्यात तुरटपणा टोकदार लागेल आणि वास जवळपास येणारच नाही. गरम पेल्यात नाकाला झोंबेल आणि चव ढिली वाटेल. मधल्यात फळ सापडेल. बाटली एकच आहे हे सगळ्यांना आधी सांगा, लपवू नका. माहीत असूनही फरक इतका मोठा लागतो की तापमानाबद्दल पुन्हा कुणाला पटवावं लागत नाही.

चाखण्याची रीत

पेला एक तृतीयांशच भरा. दांडीला धरा, पांढऱ्या कागदावर तिरपा करून कडेचा रंग बघा. रेड जुनी होते तशी कडेला विटकरी छटा येते, व्हाइट जुनी होते तशी गडद सोनेरी होते. न हलवता एकदा वास घ्या, मग पेला टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. छोटे छोटे वास घ्यावेत, एकच खोल श्वास घेतला की नाक लवकर थकतं. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, ते ताळ्यावर येतं.

घोट तोंडभर फिरवून पाच-सहा सेकंद धरा. आंबट किती, गोड किती, तुरट किती, अंग किती भरलेलं (म्हणजे तोंडात पातळ लागते की भरीव), हे १ ते ५ मध्ये लिहा. मग गिळा किंवा थुंका आणि चव किती वेळ मागे राहते ते मनात मोजा. “मला आवडली का” हा रकाना सगळ्यात शेवटी आणि वेगळा ठेवा. चांगली वाइन आपल्याला न आवडणं अगदी शक्य असतं, आणि हे दोन निर्णय वेगळे काढता येऊ लागले की तुम्ही बरंच शिकलात असं समजा.

वासाची नावं आपल्या स्वयंपाकघरातून आणि बाजारातून घ्या. जांभूळ, पेरू, लिची, संत्र्याची ताजी साल, शिमला मिरची, काळी मिरी, लवंग, मोहाची फुलं, पावसाआधीची माती. एका बैठकीच्या सुरुवातीला असे आठ-दहा पदार्थ झाकलेल्या वाट्यांत ठेवून, डोळे मिटून ओळखायचा खेळ घ्या. रोज फोडणीत घालत असलेली वस्तू नुसत्या वासावरून ओळखणं किती कठीण जातं ते तेव्हा कळतं, आणि सरावाने ते लवकर सुधारतंही.

पुढचे महिने

दुसऱ्या बैठकीला शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या दोन व्हाइट, शक्यतो एकाच वायनरीच्या. शेनिन पिकल्या फळांकडे झुकते, सोव्हिन्यों हिरव्या वासांकडे. तो शिमला मिरचीसारखा हिरवा वास पायराझीन नावाच्या संयुगांचा असतो, आणि तीच संयुगं शिमला मिरचीतही असतात. तिसऱ्या बैठकीला शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों. शिराझमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. तेच मिरीत असतं, आणि काही माणसांच्या नाकाला ते अजिबात कळत नाही. त्यामुळे आठातल्या एक-दोघांना मिरी लागली नाही तर ते खोटं बोलत नाहीत. कॅबरनेमध्ये पुन्हा तो हिरवा वास हुडका. कॅबरने सोव्हिन्यों ही कॅबरने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून झाली, हे १९९७ मध्ये डीएनए तपासणीतून सिद्ध झालं. मागच्या महिन्यातल्या व्हाइटचा वास या महिन्यातल्या रेडमध्ये सापडला की टेबलावर जो आनंद होतो त्यासाठी हा क्रम जपा.

चौथ्या वेळी ओकच्या लाकडी पिंपात मुरलेली आणि न मुरलेली, एकाच जातीची. मागचं लेबल वाचून निवडा. व्हॅनिला, लवंग, भाजल्याचा वास हे पिंपातून येतात. पाचव्या वेळी एकच शिराझ नाशिकची, अकलूजची आणि कर्नाटकातली. डिसेंबरअखेर स्पार्कलिंग घ्या, पण नीट गार करूनच उघडा. बाटलीत हवेच्या दाबाच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणून तोंड माणसांपासून दूर, कॉर्कवर अंगठा, आणि कॉर्क न फिरवता बाटली फिरवायची.

दोन-तीन महिने झाले की झाकून चाखायला लागा. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळा, रबर लावा, वर आकडे टाका. ओतणाऱ्याने त्या वेळी खेळात भाग घेऊ नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्डोतल्या एका प्रयोगात वाइनच्या विद्यार्थ्यांना व्हाइट वाइनच निर्गंध लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांचं नाकही डोळ्यांमागे जातं, तर आपलं किमतीच्या आणि नावाच्या मागे जाणारच. झाकून चाखण्याचा उत्तम प्रकार म्हणजे तीन पेल्यांत दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती एवढंच शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन साध्या रेड घेऊन करून बघा.

ओल्या पुठ्ठ्याचा, दमट कागदाचा वास आला तर ती वाइन कॉर्कमुळे बिघडलेली आहे. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा आला तर तीही बिघाडच. अशी बाटली फेकण्याआधी सगळ्यांना हुंगायला द्या, असा धडा विकत मिळत नाही.

सावजी कधी?

नागपुरात आठ जण जमले आणि सावजी निघालं नाही असं होत नाही. पण ते चाखण्याच्या नंतर. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, आणि टॅनिनने तर तोंड सोलवटल्यासारखं होतं. म्हणून सावजी मटणासोबत जड कॅबरने ही जोडी टाळा, महागडी असेल तर नक्कीच टाळा. किंचित गोडसर शेनिन किंवा फळांच्या चवीची रोझे चांगली गार करून घ्या. गोडवा आणि थंडावा तिखट झेलतो आणि दगडफूल, जायपत्री, खसखस यांचा वास त्यातून वर येतो. तर्रीपोह्यांना स्पार्कलिंग ही माझी आवडती जोडी, शेव आणि तर्रीचं तेल दोन्ही बुडबुडे धुऊन काढतात. संत्रा बर्फीसोबत कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन कडवट आणि आंबट होते, तिथे लेट हार्वेस्टसारखी (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) गोडच हवी. गोडाबरोबरची वाइन गोडापेक्षा कमी गोड नसावी, हा नियम पुरणपोळीलाही लागू पडतो.

उरलेलं

उरलेली वाइन छोट्या, स्वच्छ बाटलीत गळ्यापर्यंत भरून घट्ट झाका आणि फ्रीजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. हवा जितकी कमी तितकी टिकते, साधारण तीन ते पाच दिवस. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी संपवा. यजमानाने तिसऱ्या दिवशी एक घोट घेऊन ग्रुपवर लिहावं की काय बदललं, तोही अभ्यासच.

क्लबची एक वही ठेवा: तारीख, नाव, जात, साल, किंमत, ओतताना तापमान, आठही जणांचे आकडे. फोनमधले फोटो हरवतात, वही उलटून बघता येते. वर्षभराने तिच्यातून कळतं की आपल्या गटाला आंबट वाइन आवडते की भरीव, आणि पुढच्या खरेदीत पैसे तिथेच घालता येतात.

वर्ष टिकलात तर नाशिकला जाऊन या. युरोपात द्राक्षतोड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्यांनी इथला शेतकरी वेलीला हिवाळ्यात फळ धरायला लावतो. फेब्रुवारीत गेलात तर घड वेलीवर आणि रस टाकीत, दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळतं. वायनरीला आधी फोन करून तोडणी चालू असल्याचं विचारून घ्या. येताना मात्र बाटल्यांनी गाडी भरू नका. समृद्धी महामार्गाने नागपूर गाठायचं तर वर्धा जिल्हा लागतोच आणि तिथे दारूबंदी आहे. तिथे आवडलेल्या वाइनची नावं वहीत उतरवा आणि त्या नागपूरच्याच दुकानात मागवून घ्या.